पद्मिनीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप : एप्रिल ते जून २०२५ च्या नोंदी

रविवार, ६ एप्रिल

खंबाटकी. पुन्हा.

पुण्यातून निघताना टाकी काठोकाठ भरली, शिरवळला चहा झाला, तोवर गाडी मजेत होती. घाट लागल्यावर तिसऱ्या वळणाला मिस मारायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर उलट मान टाकायची. खामजाईच्या देवळाच्या अलीकडे बंदच पडली. दुपारचे साडेबारा, मागे ट्रकचे हॉर्न.

अप्पा काही बोलले नाहीत. डिकीतून फडका काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवून इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला आणि कठड्यावर जाऊन बसले. गेली ३५ वर्षे हाच उपचार. वीस मिनिटांनी गाडी अशी सुरू झाली की जणू काही घडलेच नाही.

"गॅस धरला होता," अप्पांचे निदान.

वाईला पोचलो, पण दोन वर्षांतली ही चौथी वेळ. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, अप्पांनी नवी घेतलेली. विकायचा विषय घरात काढता येत नाही, आणि मलाही काढायचा नाही. इलेक्ट्रिक पंप बसवायचा हे आज ठरवले. नोंदी ठेवतोय, कारण मागच्या वेळी काय केले होते ते दर वेळी विसरायला होते.

चारही वेळांत काय सारखे होते ते लिहून ठेवतो: ऊन, चढ, लांबचा प्रवास, फुल टाकी.

मंगळवार, ८ एप्रिल

कामाला हात लावण्याआधी आपले आपल्याला समजावे म्हणून.

पद्मिनीचा मूळ पंप इंजिनाच्या ब्लॉकला चिकटून बसतो. कॅमशाफ्टचा उंचवटा एका दांड्याला ढकलतो, दांडा पंपाचा दट्ट्या हलवतो, दट्ट्या रबरी डायफ्रॅम खालीवर करतो. विजेचा संबंध नाही, इंजिन फिरले की पंप चालला. पण टाकी मागे आणि पंप पुढे, म्हणजे सगळी नळी हा पंप ओढून घेतो. नळीत पेट्रोल खेचले की त्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळते. पेट्रोलमधले हलके घटक तसेही ३५-४० अंशांना उडायला लागतात. त्यात पंप बसलाय तापलेल्या ब्लॉकवर. नळीत वाफ भरली की डायफ्रॅम नुसती वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. ओल्या फडक्याने पंप गार होतो, वाफेचे परत पेट्रोल होते, गाडी सुरू होते. अप्पांच्या फडक्यामागे हे एवढे विज्ञान आहे.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला की चित्र उलटे होते. ओढायचे अंतर फूट-दीड फूट, पुढची सगळी नळी दाबाखाली. दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही.

रविवार, १३ एप्रिल

आजचा दिवस फक्त मोजमापांचा. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये टी टाकून पीएसआयमध्ये दाब दाखवणारा गेज लावला.

गार इंजिन, आयडलिंग: ३ पीएसआय. ठीक.
४० मिनिटे गावात फिरवून, तापलेल्या इंजिनावर: २ पीएसआय, आणि काटा थरथरतोय.
बंद करून १० मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर: १.२ पीएसआय. पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुडे.

पंपाच्या अंगाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने चालताना ७१ अंश, बंद केल्यावर १० मिनिटांनी ८४. गाडी थांबली की पंखा थांबतो आणि ब्लॉकची उष्णता निवांत पंपात शिरते. म्हणून चहाला थांबल्यानंतरच गाडी जास्त रडते.

मग ऑइलची काडी काढली आणि नाकाला लावली. पेट्रोलचा वास. पातळी वरच्या खुणेच्या ८ मिलिमीटर वर. ऑइल वाढत नसते, त्यात काहीतरी पडत असते. पंप उतरवून उघडला तर डायफ्रॅमला मधल्या वॉशरभोवती बारीक भेगा, आणि रबर पापडासारखे कडक. पेट्रोल तिथून झिरपून इंजिनात जात होते. म्हणजे आमचे इंजिन पेट्रोलमिश्रित ऑइलवर घाट चढत होते. बेअरिंगांची माफी मागतो.

रबर का सडले याचा एक अंदाज होता, तो तपासला. शाळेत असतो तसला १०० मिलिलिटरचा उभा मोजपात्र घेतला. त्यात ९० मिलिलिटर पेट्रोल, १० मिलिलिटर पाणी. तोंडावर झाकण दाबून हलवले आणि ठेवून दिले. पाच मिनिटांत दोन थर झाले. खाली पाण्याचा थर १० वर राहायला हवा होता, तो २७ वर. वरचे १७ मिलिलिटर म्हणजे पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलेले इथेनॉल. ९० मध्ये १७, साधारण १९ टक्के. पेट्रोल भरतो त्या पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, लिहिलेले असते, ते खरेच आहे.

अप्पा शेजारी उभे राहून बघत होते. "म्हणजे पाचवा हिस्सा दारू?"

"हो अप्पा."

"मग चढणार कशी गाडी."

१९८६ च्या रबराला हे इथेनॉल ठाऊक नव्हते. जुने नायट्राइल रबर त्यात फुगते, मग सुकले की तडकते. शिवाय टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकटा इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. तेव्हा पंपाबरोबर सगळ्या रबरी नळ्याही बदलायच्या, आतून फ्लोरोरबर असलेल्या. साधी काळी नळी मीटरला स्वस्त मिळते, पण वर्षभरात पुन्हा हेच करावे लागेल.

शनिवार, १९ एप्रिल

नाना पेठ. तीन दुकाने फिरलो. पहिल्याने एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीचा टाकीतला पंप पुढे केला. "हाच घ्या साहेब, दणकट आहे." दणकट आहेच. इंजेक्शनच्या गाडीत साधारण ३ बार दाब लागतो, म्हणजे ४३ पीएसआय. आमच्या कार्ब्युरेटरला ३ पुरतात. शिवाय तो पंप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेला असतो, आजूबाजूचे पेट्रोलच त्याला गार ठेवते. बाहेर कोरडा लटकवला तर किती दिवस टिकेल?

तिसऱ्या दुकानात चौकोनी डबीसारखा पंप मिळाला. आत मोटार नाही. विजेच्या गुंडाळीत एक दट्ट्या पुढेमागे होतो, टकटक आवाज करतो. खोक्यावर लिहिलेले: १२ व्होल्ट, ३ ते ५ पीएसआय. "सगळ्या जुन्या गाड्यांना चालतो." १३५० रुपये. घेतला.

किती पेट्रोल लागते याचा हिशेब दुकानातच बोटांवर केला होता. ६० च्या वेगाला लिटरमागे १२ किलोमीटर धरले तर तासाला ५ लिटर. अगदी पायाखाली तुडवली तरी चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला १२ लिटरच्या वर लागणार नाही. असला कुठलाही पंप त्याच्या तिप्पट सहज देतो. माझी काळजी पेट्रोल कमी पडण्याची नव्हतीच, आणि तिथेच चुकलो. काळजी जास्तीची करायला हवी होती.

रविवार, २० एप्रिल

सकाळी आठ ते दुपारी चार. बॅटरी सोडली, २ किलोचा अग्निशामक हाताशी ठेवला, अप्पांना विडी लांब ओढायला पाठवले.

जुना पंप काढला की ब्लॉकला भोक उरते आणि त्यातून ऑइल उडते. ३ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून झाकण कापले, गॅस्केट लावून बसवले. दांडा आठवणीने बाहेर काढला; आत राहिला असता तर झाकणावर ठोके मारत बसला असता.

नवा पंप मागे, चासिसच्या आतल्या बाजूला, टाकीच्या तळापेक्षा खाली, सायलेन्सरच्या पाइपपासून दूर. पंपाचे तोंड वरच्या बाजूला तिरके, म्हणजे हवा अडकत नाही. आधी जाड जाळीचा फिल्टर, मग पंप, आणि बारीक फिल्टर पुढे कार्ब्युरेटरपाशी. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला तर पंपाला पुन्हा ओढायची शिक्षा.

तात्पुरती वायर इग्निशन कॉइलच्या प्लसवरून घेतली. किल्ली फिरवली. टक टक टक टक, मग हळूहळू टक… टक… टक. लाइन भरली. काय आनंद झाला!

इंजिन सुरू झाले, अर्धा मिनिट चालले, काळा धूर, बंद. बॉनेटखाली पेट्रोलचा भपकारा. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकत होते. किल्ली बंद केली आणि अर्धा तास गाडीला हात लावला नाही.

गेज लावला: ६.५ पीएसआय. खोक्यावर काहीही लिहा.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठायच्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल आले की आतला तरंगणारा फ्लोट उचलला जातो, त्याच्या दांडीने सुई वर जाते आणि भोक बंद होते. भोक साधारण २ मिलिमीटरचे धरा. ३ पीएसआयला त्या सुईवर खाली ढकलणारा जोर सात ग्रॅमच्या आसपास. फ्लोटची ताकद तेवढ्यापुरती बेतलेली. ६.५ पीएसआयला तोच जोर १४ ग्रॅम. पितळी फ्लोट बिचारा कितीसा तरंगणार? सुई उघडीच राहते.

आग लागली नाही, हे नशीब. पुढच्या वेळी गेज लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही.

शनिवार, २६ एप्रिल

दुकानदार पंप परत घेईना. "चालतो ना? मग झालं." शेवटी प्रेशर रेग्युलेटर घेतला, आणखी ९०० रुपये. तो बॉनेटखाली, पण आगीच्या जागेपासून दूर, बाजूच्या पत्र्यावर बसवला. गेज बघत २.५ पीएसआयवर आणला. आयडलिंगला, हजाराला, दोन हजाराला काटा हलत नाही. ओव्हरफ्लो बंद.

पंप चासिसला सरळ बोल्टने आवळला होता, त्यामुळे सगळी गाडी टकटकत होती. मागच्या सीटवर बसून अप्पा म्हणाले, "कुणीतरी दार वाजवतंय." रबरी बुशवर घेतल्यावर आवाज निम्मा झाला. उरलेला आवाज मला हवाच आहे. पंप काय म्हणतोय ते त्यावरून कळते: लाइन भरलेली असली की संथ ठोके, हवा ओढायला लागला की भराभर. जुन्या मॉरिस मायनरवाल्यांना हे माहीत असायचे. त्यांच्या गाडीत असाच टकटकणारा एसयू पंप होता, आणि त्याचे पॉइंट चिकटले की मालक पान्याने त्याच्या डोक्यात एक टपली मारायचे.

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिन, सुट्टी. वायरिंग.

आधी उस्तादांना बोलावले होते. उस्ताद म्हणजे वीस वर्षे मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात काढलेले गृहस्थ, पद्मिनी त्यांना डोळे मिटून उघडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, त्याच्या बऱ्याच आधी ते पुण्याला आले. पंप बघून म्हणाले, "चांगला लावलाय. पण ताकद नाही त्याच्यात. आवाज बघा, दमलेला आहे."

मला पटले नाही. बाटलीत मोजले. ५०० मिलिलिटरला ५८ सेकंद, म्हणजे तासाला ३१ लिटर. पुरे आहे म्हणालो. उस्ताद म्हणाले, "पुरं आहे, पण नवा आहे ना तो?"

मग मीटर लावला. इंजिन बंद, पंप चालू:

बॅटरीवर १२.५ व्होल्ट.
पंपाच्या दोन टोकांत १०.४.

२.१ व्होल्ट वाटेत सांडले. कुठे सांडले तेही मीटरच सांगतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरे पंपाच्या प्लसला: ०.७. मग बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनसपर्यंत: १.४. म्हणजे दोन तृतीयांश चोरी अर्थिंगमध्ये. पंपाचा अर्थ मी चासिसच्या एका बोल्टला दिला होता, वरून छान दिसणाऱ्या. बोल्ट काढला तर खाली रंग, रंगाखाली गंज.

सगळे नव्याने केले. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मग रिले, म्हणजे बारीक करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ ला पंप, ८५ अर्थ, ८६ ला हुकूम देणारी बारीक वायर. अर्थसाठी पत्रा घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. आता पंपावर १२.३ व्होल्ट. पंप जेमतेम १.६ अँपिअर घेतो, पण तेवढ्यालाही रस्ता लागतो. ५०० मिलिलिटरला ४१ सेकंद. उस्तादांच्या कानाला मीटरची गरज नाही.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकाच्या एमपीएफआय गाडीचा पंप गेल्या महिन्यात बदलला. नव्या पंपानेही गाडी तशीच अडखळते. टाकीवरचा कनेक्टर कुणी उघडून बघितला का, असे विचारले, नाही म्हणाला. त्या गाड्यांत किल्ली फिरवली की मागून दोन सेकंद घूं असा आवाज येतो, तो पंप लाइन भरत असतो. त्याने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. आता रोज ऐकतो म्हणे.

रविवार, ४ मे

आजचे काम सगळ्यात महत्त्वाचे, आणि आजच सगळ्यात मोठा गाढवपणा केला.

मूळ पंपात एक गुण फुकट होता: इंजिन थांबले की पंप थांबला. इलेक्ट्रिक पंपाला ते कळत नाही. अपघात झाला, नळी तुटली, इंजिन बंद पडले, पण किल्ली चालू आहे; हा आपला टकटक करत तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओततोय. असली जोडणी रस्त्यावर न्यायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरले होते.

उपाय: ऑइल प्रेशर स्विच. गाडीतला मूळ स्विच उलटा असतो, दाब नसला की जोडतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावतो. मला दाब आला की जोडणारा हवा होता. टी टाकून दोन्ही शेजारी बसवले. किल्लीकडून येणारी वायर नव्या स्विचमधून रिलेच्या ८६ ला. इंजिन फिरतेय, ऑइलला दाब आहे, तरच पंप.

पण मग सुरू कसे करायचे? स्टार्टर मारताना दाब यायला वेळ लागतो. म्हणून स्टार्टरच्या सॉलेनॉइडची (स्टार्टर जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) जी वायर किल्लीवरून येते, तिच्यावरून दुसरी वायर त्याच ८६ ला आणली. स्टार्टर फिरतोय तोवर पंप चालणार, इंजिन लागले की ऑइल स्विच ताबा घेणार. कागदावर सुंदर.

किल्ली मारली, इंजिन लागले, किल्ली सोडली, आणि स्टार्टर सुटेचना. इंजिनाबरोबर तोही किंचाळत फिरतोय. दोन सेकंद काही सुचले नाही, मग किल्ली बंद केली. कुत्री भुंकायला लागली, वरच्या मजल्यावरून काकू डोकावल्या.

कारण साधे. ८६ ला दोन वायरी एकत्र आल्या. ऑइल स्विचमधून आलेला करंट रिलेत गेला, तसाच दुसऱ्या वायरीने उलटा सॉलेनॉइडकडेही गेला आणि त्याला धरून बसला. मधे डायोड हवा होता. वन एन ४००७, दोन-चार रुपयांचा. रिलेच्या गुंडाळीला १५०-२०० मिलिअँपिअर लागतात, हा १ अँपिअर झेलतो. चांदीची पट्टी रिलेकडे ठेवून डाग मारला, वर श्रिंक स्लीव्ह. आता करंट स्टार्टरकडून रिलेकडे जातो, उलटा येत नाही.

तपासणी: इंजिन चालू असताना ऑइल स्विचची वायर ओढून काढली. टकटक थांबली. इंजिन फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर आणखी अर्ध्या मिनिटाच्या वर चालले आणि विझले. हेच हवे होते.

रविवार, ११ मे

गावात आठवडाभर चालवली, एक ठोका चुकला नाही. आज खरी परीक्षा. टाकी फुल, अप्पा शेजारी, फडका डिकीत. त्यांनीच ठेवला होता.

कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा. घाट. तिसऱ्या वळणाला मिस. देवळाच्या अलीकडे बंद.

मी स्टिअरिंगवर डोके टेकले. अप्पा उतरून डिकीकडे निघाले.

मग ऐकू आले. पंप भराभर टकटकत होता. (स्टार्टर मारत होतो म्हणून चालू होता.) भराभर म्हणजे पेट्रोल नाही, हवा किंवा वाफ ओढतोय. पण पंप मागे आहे, इंजिनापासून लांब, हाताला जेमतेम कोमट. टाकी तर फुल! ओला फडका टाकणार कशावर?

टाकीचे झाकण उघडायला किल्ली लावली.

फुस्स.

मोठा, लांब, आत जाणारा श्वास. पाठोपाठ टाकीचा पत्रा टण्णकन बाहेर आला. झाकण परत सैल बसवले, स्टार्टर मारला, भराभर, संथ, संथ, इंजिन लागले. एकाही थांब्याशिवाय वर चढलो.

टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. येत नसेल तर आत पोकळी होते आणि पंप तिच्याशी झोंबत बसतो. टाकी फुल असली की वर हवेची जागाच नसते, म्हणून पोकळी फार लवकर होते. अर्ध्या टाकीवर गावात कधीच त्रास झाला नाही तो याच कारणाने. ६ एप्रिलच्या नोंदीत "फुल टाकी" मीच लिहून ठेवले आहे आणि महिनाभर वाचले नाही.

वाईच्या रस्त्याला लागेपर्यंत कुणी बोलले नाही. मग मी विचारले, "अप्पा, हे कुलुपाचं झाकण कधी बसवलंत?"

"सोसायटीत पेट्रोल चोरीला गेलं होतं ना, तेव्हा."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली असतील."

बुधवार, १४ मे

जुना बाजार. मूळ झाकण अप्पांनी टाकून दिले होते, त्याच्यासारखे गंजके पण आत श्वासाचे बारीक भोक शाबूत असलेले एक मिळाले, ८० रुपये. शेजारच्या पथारीवर जुन्या फोर्डचा इनर्शिया स्विच दिसला, तोही घेतला. आत एक गोळी असते, जोराचा धक्का बसला की ती जागा सोडते आणि सर्किट तुटते. वरचे बटण दाबले की पुन्हा जोडते. तळहातावर आपटून बघितला, बटण टपकन वर आले. ऑइल स्विचच्या जोडीला हाही असू दे, ८६ च्या वायरीत. दुकानदार म्हणाला, "काय आहे ते मलाही माहीत नाही, ५० द्या."

रविवार, १८ मे

शंका उरू नये म्हणून पोकळी मोजली. पंपाच्या आधी टी, त्याला व्हॅक्यूम गेज. टाकी फुल, बायपासला जाऊन-येऊन २५ किलोमीटर, इंजिन बंद करून वाचले.

कुलुपाचे झाकण: पाऱ्याचे ४ इंच. म्हणजे साधारण २ पीएसआयची उलटी ओढ.
जुन्या बाजारातले झाकण: काटा जागचा हलला नाही.

मग मूळ पंपाचा दोष किती? हा प्रश्न अप्पांनी विचारला, जरा विजयाने. डायफ्रॅम फाटला होता, ऑइलमध्ये पेट्रोल होते, तेव्हा पंप जायलाच हवा होता. आणि पोकळीतले पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळते, म्हणजे गॅस धरतच होता, फक्त त्याला झाकणाची साथ होती. फडका टाकून वीस मिनिटे थांबायचो तेव्हा पंप गार व्हायचा हे खरेच, पण तेवढ्यात झाकणाच्या फटीतून थोडी हवाही आत शिरायची. श्रेय सगळे फडक्याला मिळाले. झाकण आधी सापडले असते तर नवा डायफ्रॅम टाकून मूळ पंपावरच भागले असते बहुतेक. खर्च रेग्युलेटर, नळ्या, वायरिंग धरून ५,२०० रुपये झाला आहे. तो अप्पांना सांगितलेला नाही.

मंगळवार, २७ मे

पाऊस. यंदा मे महिन्यातच आला, काल मुंबईत मान्सून पोचल्याचे जाहीर झाले. आमचे कव्हर अजून माळ्यावर.

झाकणाच्या भोकातून पाणी टाकीत गेले का ते बघितले पाहिजे. ई२० मध्ये थोडे पाणी विरघळून जाते, जास्त झाले की इथेनॉल पाण्याशी संगनमत करून तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातून ओढतो. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत पाव लिटर काढले, रात्रभर ठेवले. थर नाही. तळाला तपकिरी गाळ मात्र चिमूटभर. पंपाच्या आधीचा जाड फिल्टर बदलला.

वर्म क्लिपने एका नळीला बारीक चीर पडली होती, ती दिसली. पूर्ण गोल बसणाऱ्या क्लिपा आणून सगळ्या बदलल्या.

रविवार, १ जून

पावसाने दडी मारली आहे, ऊन कडक. टाकी फुल.

घाटाच्या पायथ्याला २.५ पीएसआय, माथ्यावर २.५. माथ्यावर मुद्दाम बंद करून १५ मिनिटे थांबलो, एका स्टार्टरला सुरू. पंपाचे अंग ४४ अंश. परतताना बोगद्यातून आलो, त्यामुळे चढाची दुसरी चाचणी झाली नाही. लिटरला ११.४ किलोमीटर.

अप्पांनी डिकीतला फडका बाहेर काढला, घरी येऊन धुतला. संध्याकाळी दोरीवरून काढून, घडी घालून परत डिकीत ठेवला.

रविवार, ८ जून

प्लग काढले. चारही फार पांढरे. पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, ई२० ला साधारण १३.५. कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोक, मात्र जुनाच, त्यामुळे मिश्रण पातळ जातेय. उस्ताद म्हणाले, एक नंबर मोठा मेन जेट टाकून बघू. नाना पेठेत सांगून ठेवला आहे, गुरुवारी मिळेल म्हणतात. येताना फ्लोटची सुईही आणायची आहे, जुनीला ६.५ पीएसआयच्या दिवशी खाच पडली आहे.